गप्प राहणं म्हणजे विसरणं नव्हे

"इतकी वर्षं गप्प का होती? आत्ताच बरं आठवलं!" जुन्या अत्याचाराबद्दल कुणी बाई बोलली की आपल्याकडे हे वाक्य ठरलेलं. २०१८ मध्ये 'मी टू'च्या वेळी तर मी ते रोज वाचत होते. आता त्यात भर पडलीये: "अमेरिकेत सिद्ध झालंय, अशा आठवणी खोट्या असतात." म्हणून तिथे नेमकं काय झालं ते सांगते.

१९६९ साली कॅलिफोर्नियातल्या फॉस्टर सिटीत आठ वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. वीस वर्षांनी तिच्या बालमैत्रिणीने सांगितलं, खून माझ्या वडिलांनी केला, मी तो डोळ्यांनी पाहिला, पण ती आठवण मनात गाडली गेली होती. वडील म्हणजे जॉर्ज फ्रँकलिन. १९९० मध्ये मुख्यतः या आठवणीवर ते दोषी ठरले. तिने सांगितलेले बरेच तपशील पूर्वीच वर्तमानपत्रांत छापून आले होते, पण ज्युरीला ते कळू दिलं गेलं नाही. १९९५ मध्ये निकाल रद्द झाला. साक्षीआधी तिच्यावर संमोहन झालं होतं, हेही पुढे बाहेर आलं. १९९६ मध्ये फ्रँकलिन सुटले.

तो काळच तसा होता. झोप लागत नाही, उदास वाटतं? मग लहानपणी अत्याचार झाला असणार, असं काही थेरपिस्ट आधीच धरून चालायचे. मग संमोहन, औषधं, "डोळे मिटून कल्पना करा". १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातच एका वडिलांनी मुलीच्या थेरपिस्टांवर खटला भरला आणि ज्युरीने त्यांना ५ लाख डॉलर भरपाई दिली.

त्याच सुमारास एलिझाबेथ लॉफ्टस यांनी २४ जणांवर प्रयोग केला. घरच्यांकडून कळलेल्या तीन खऱ्या प्रसंगांत एक खोटा मिसळला: लहानपणी तू मॉलमध्ये हरवला होतास. साधारण चौथ्या हिश्श्याला तो पूर्ण किंवा थोडाफार 'आठवला'. आठवण म्हणजे टेप नव्हे. ती दर वेळी नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना दुसऱ्याचे शब्दही त्यात शिरतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९४ मध्येच लिंडा मेयर विल्यम्स यांचा अभ्यास आला. लहानपणी अत्याचार झाल्याची हॉस्पिटलात नोंद असलेल्या १२९ स्त्रियांना त्या मोठ्या झाल्यावर भेटून विचारलं, तेव्हा ३८ टक्के स्त्रियांनी तो प्रसंग सांगितलाच नाही. काही विसरल्या असतील, काहींना सांगायचं नसेल. पण अत्याचार झाला होता, कागदावर होता.

म्हणजे "सगळं खरं" आणि "सगळं खोटं" ही दोन्ही उत्तरं आळशी आहेत. विचारायचं ते हे: आठवण आपसूक आली की कुणी खोदून काढली? डायरी, नातेवाईक, दुसरी पीडित व्यक्ती, कशाचा तरी दुजोरा आहे का? बोलताना डोळ्यांत आलेलं पाणी हा पुरावा नाही, कारण खोटी आठवणही खऱ्याइतकीच दुखते.

आणि मुख्य म्हणजे, 'मी टू'मध्ये बोललेल्या बहुतेक जणी काही विसरल्या नव्हत्या. त्यांना सगळं लख्ख आठवत होतं, ऐकणारं कुणी नव्हतं. फ्रँकलिनचा खटला त्यांच्या तोंडावर फेकणं म्हणजे त्यांना पुन्हा गप्प बसवणं.

समुपदेशकाकडे जरूर जा. पण तुमच्या आधी त्यालाच तुमचं लहानपण 'आठवायला' लागलं, तर तिथून उठा.