डक्टमधली धूळ आणि ‘दूषित हवे’ची भीती

(१/११) अमेरिकेत स्वतःचे घर घेतलेल्या आपल्या मंडळींच्या टपालात एक पत्रक हमखास असते: घरातील हवेचे डक्ट साफ करून घ्या, कुटुंबाचे आरोग्य जपा. खर्च काही शे डॉलर. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर नाही म्हणणे जड जाते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी त्यामागील भीतीचा इतिहास पाहू. #थ्रेड

(२/११) डक्ट म्हणजे भिंतींतून आणि छतातून फिरणाऱ्या, बहुधा पत्र्याच्या हवावाहिन्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील घरांच्या तळघरात कोळशाची भट्टी असे आणि तापलेली हवा आपोआप वरच्या खोल्यांत चढे. पुढे विजेचा पंखा आला आणि हवा ढकलली जाऊ लागली.

(३/११) १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. हेतू माणसांच्या सुखाचा नव्हता. दमटपणामुळे कागद बिघडत होता. कालांतराने गारवाही घराघरांत त्याच वाहिन्यांतून येऊ लागला. सारे घर एकाच मार्गाने श्वास घेऊ लागल्यावर त्या मार्गाविषयी शंका येणे स्वाभाविक होते.

(४/११) शंका मात्र त्याहून जुनी. रोग दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतात, अशी एकोणिसाव्या शतकात अनेक वैद्यांची धारणा होती. १८५८ च्या सुमारास म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी खोलीतील हवा पुरेशी ताजी आहे का, हे ठरवण्यासाठी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोजण्याचा मार्ग दाखवला. हजारात एक भाग ही त्यांची मर्यादा. भीतीच्या जागी मोजमाप आणण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होता.

(५/११) १९७३ च्या तेलसंकटाने ही गोष्ट नव्या वळणावर नेली. इंधन वाचवण्यासाठी इमारतींच्या फटी बुजवल्या गेल्या. पूर्वी दर माणशी मिनिटाला सुमारे १५ घनफूट बाहेरची हवा आत घेतली जाई. ते प्रमाण ५ घनफुटांवर आणले गेले. आतली हवा आतच फिरू लागली.

(६/११) जुलै १९७६. फिलाडेल्फियातील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले. त्यानंतर दोनशेहून अधिक लोक एका अनोळखी न्यूमोनियाने आजारी पडले आणि ३४ जण दगावले. कारण कोणालाच सांगता येईना. वर्ष संपण्याआधीच हॉटेल बंद पडले.

(७/११) जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांनी तो जिवाणू ओळखला: लीजिओनेला. तो वाढतो कोमट पाण्यात. संशय गेला तो वातानुकूलन यंत्रणेच्या पाण्याच्या कूलिंग टॉवरवर. वाहिन्यांत साचणारी कोरडी धूळ हे त्याचे घर नव्हे. पण लोकांच्या मनात ‘एसीच्या हवेतून मरण आले’ एवढेच उरले.

(८/११) १९८४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या एका समितीने म्हटले, की नव्या आणि नूतनीकरण झालेल्या इमारतींपैकी ३० टक्क्यांपर्यंत इमारतींत हवेविषयी अतोनात तक्रारी असू शकतात. पुढे दर माणशी हवेचे प्रमाण पुन्हा किमान १५ घनफुटांवर नेण्यात आले. याच काळात डक्ट-सफाईचा धंदाही आकाराला आला. १९८९ मध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

(९/११) १९९७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, याच प्रश्नावर एक पुस्तिका काढली. तिचे म्हणणे रोखठोक होते: डक्ट साफ केल्याने आजार टळतात, असे सिद्ध झालेले नाही. पुष्कळशी धूळ वाहिनीच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. ती खोलीत येतेच असे नाही. निष्काळजी सफाईने उलट ती धूळ घरभर उडू शकते. म्हणून दरसालचा नेम नको. गरज असेल तरच सफाई.

(१०/११) गरज कधी? पुस्तिकेने तीन प्रसंग सांगितले. वाहिनीच्या आत डोळ्यांना दिसेल एवढी भरपूर बुरशी; उंदीर किंवा किड्यांचा वावर; धूळकचऱ्याने वाहिनी इतकी तुंबलेली, की जाळीतून कण खोलीत पडतात. पण बुरशी ओलाव्यावर जगते. गळती थांबवली नाही तर ती परतणार. आतले अस्तर भिजून बुरशी धरले असेल, तर ते साफ होत नाही, बदलावे लागते.

(११/११) तेव्हा पत्रक हाती आले, की आधी जाळी काढून विजेरीने आत पाहावे. फिल्टर वेळेवर बदलावा. बुरशी आहे असे कोणी म्हणाले, तर ती दाखवायला सांगावे. खात्री नसेल तर प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. ‘आम्ही ईपीए-प्रमाणित’ असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे, कारण ती संस्था अशा कोणत्याही कंपनीला प्रमाणपत्र देत नाही. फिलाडेल्फियात शोध पाण्यापर्यंत पोहोचला, तेव्हाच उपाय कुठे करायचा हे कळले. आपल्या घरातही उगम सापडल्यावरच पैसे मोजावेत.