रहस्य, अद्भुत, विज्ञान : मान कोणी द्यायचा?

(युसूफ वडगाव, जि. बीड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

अलीकडं वाचलेल्या रहस्यकथा, अद्भुतकथा आणि विज्ञानकथांबद्दल मला काय वाटलं ते सांगा, असा आग्रह झाला म्हणून उभा आहे. पण आवडलं-नावडलं एवढंच सांगून भागणार नाही. या तिन्ही प्रकारांना आपल्याकडं मान कोणी दिला आणि कोणी नाकारला, याला मोठा इतिहास आहे. तो आपल्या गोदाकाठावरच सुरू होतो.

पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता, असं ‘कथासरित्सागर’ सांगतो. त्यानं सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली, तीही पैशाची भाषेत. राजानं भाषा हलकी म्हणून ती झिडकारली. गुणाढ्य रानात जाऊन बसला. एकेक पान वाचायचा आणि अग्नीत टाकायचा. रानातली जनावरं चारा विसरून ऐकत बसली, रडली. राजा धावत आला तोवर एक लाख श्लोक उरले होते. आता ही दंतकथाच. मूळ ग्रंथ आज मिळत नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं त्या कथा संस्कृतात आणल्या म्हणून विक्रम-वेताळ आपल्यापर्यंत पोचले. पण दंतकथेतली एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुस्तकाची किंमत दरबारानं ठरवली. ऐकणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

छापील मराठीतही काहीसं असंच झालं. 1857 साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं, विधवांच्या दुःखाबद्दल. त्यानंतर 1861 ची हळबे यांची ‘मुक्तामाला’, 1868 ची रिसबुडांची ‘मंजुघोषा’ या अद्भुताच्या वाटेनं गेल्या. योगायोग फार, वास्तव कमी, असं म्हणून अभ्यासकांनी त्यांना पुढं बाजूला सारलं. दोष खरे आहेत. तरी कादंबरी हातात धरून बसायची सवय लावण्यात या पुस्तकांचा वाटा मोठा, असं माझं मत आहे.

आपल्या भागात तर वाचनच उशिरा पोचलं. निजामाच्या राज्यात शिक्षणावर उर्दूचा पगडा. 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. अशा काळात परभणीचं गणेश वाचनालय 1901 पासून चालू होतं, ही लहान गोष्ट नव्हे. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, मराठी शाळा वाढल्या, 1967 साली महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा झाला. आता विचार करा, ज्या घरात मराठी वाचणारं पहिलंच पोर निघालं, त्याला धरून ठेवील असं पुस्तक कोणतं?

माझं उत्तर, बाबुराव अर्नाळकर. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या या माणसानं. नुकत्याच काही झुंजारकथा पुन्हा वाचल्या. खरं सांगतो, चार वाचल्या की पाचवीचा शेवट आधीच दिसायला लागतो. पण वाक्य कुठं अडत नाही, शब्दकोश लागत नाही, आणि प्रकरण नेमकं अशा जागी संपतं की दिवा मालवता येत नाही. शिवाय झुंजार पोलिसांना गुंगारा देतो आणि लुबाडणाऱ्यालाच लुबाडतो. जिथं चौकीची पायरी चढायलाच गरिबाला भ्या वाटायचं, तिथं हा नायक का आवडला, हे समजावून सांगायला नको!

दुसरे नारायण धारप. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली, हे जाणकारांना माहीत आहे. उसनवारीचा हिशेब वाचकासमोर ठळक मांडायला हवा, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण परक्या मुलखातलं भय मराठी घरात आणून बसवायला वेगळी ताकद लागते, आणि ती धारपांकडं होती. मला खटकतो तो त्यांचा समर्थ. तो दारात आला की वाचक निर्धास्त होतो, आणि भयकथेत वाचक निर्धास्त झाला की मजा गेली.

तिसरे जयंत नारळीकर. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. बक्षीस पहिलं मिळालं! नावाचं वजन काढून ठेवून, कथा कथा म्हणून टिकते का, ते त्यांनी तपासलं. त्यांची माणसं कधीकधी कल्पनेची हमाली करतात, हे मान्य. पण ‘उजव्या सोंडेचा गणपती’ वाचा. आरशातली उलटी प्रतिमा आणि मोबियसची पट्टी हे अवघड गणित त्यांनी देवघरातल्या मूर्तीवरून सांगितलं. उजव्या सोंडेचा गणपती कडक, हे ज्या घरात म्हणतात त्या घराला ही कथा परकी वाटत नाही.

1975 च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी विज्ञानकथेची दखल घेतली. 2021 साली नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं. आनंदच आहे. पण अर्नाळकरांना ती खुर्ची कधी मिळाली नाही. शास्त्रज्ञाच्या हातून आलेल्या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली आणि भाड्याच्या पुस्तकांतून आलेला प्रकार दाराबाहेर राहिला, असं मला दिसतं. दरबार बदलला, रीत तीच.

म्हणून एक विनंती. तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात देवघेवीच्या नोंदवह्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. कोणतं पुस्तक किती वेळा घरी गेलं, परत आलं, फाटलं म्हणून पुन्हा बांधलं, हे त्यात लिहिलेलं असतं. समीक्षकांची मतं ग्रंथांत सापडतात. साध्या वाचकाचं मत फक्त तिथंच नोंदलेलं आहे. त्या वह्या गेल्या, तर आपल्या वाचनाचा इतिहास परत दुसरेच लिहितील.