आपल्या हातचा साचा

खंडेनवमीला सुतार आपला रंधा, पटाशी आणि करवत पुसून पाटावर मांडतो आणि त्यांना गंधफूल वाहतो. त्या पूजेत निसणाही असतो. पण त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खरे पाहता हत्यारांच्या त्या मेळाव्यात वडीलकीचा मान त्याचाच. धार नसलेला रंधा म्हणजे नुसता लाकडाचा ठोकळा! माणसाने लाकूड कसे कापले याच्या कथा पुष्कळ आहेत. कापणाऱ्या पात्याला धार कशी लावली याची हकिगत मात्र त्या कथांच्या वळचणीला उभी राहिली. ती थोडक्यात सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

हातरंध्याचे पाते एकच असते. सुतार ते उतरवतो, निसण्यावर पाणी शिंपडतो आणि मनगट ताठ धरून पाते घासतो. कोन किती अंशांचा हे त्याला कोणी सांगत नाही. पाते दगडावर नीट टेकले की ते बोटांनाच कळते. थोडा फरक पडला तरी रंधा चालतो. ही विद्या वर्षानुवर्षांच्या सरावाने येते आणि ज्याच्या मनगटात ती असते, त्याची ती खाजगी मिळकत असते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात या मिळकतीला धक्का बसला. सॅम्युअल बेंथम या गृहस्थाने १७९३ साली लाकूडकामाच्या अनेक यंत्रांचे पेटंट घेतले. त्याचा भाऊ जेरेमी हा प्रसिद्ध तत्त्वज्ञ. या भावाच्या डोक्यात आदर्श तुरुंगाची योजना घोळत होती, आणि कसब नसलेल्या कैद्यांकडूनही चांगले काम करून घेता यावे हा त्या यंत्रांमागचा एक उद्देश होता. कौशल्य माणसात नसले तरी चालेल, ते यंत्रात असले म्हणजे झाले, असा तो विचार होता.

हा विचार लोखंडात उतरवला हेन्री मॉडस्ले या कारागिराने. जोसेफ ब्रामा या कुलुपे करणाऱ्या नामांकित कारखानदाराकडे तो १७८९ साली कामाला लागला. आठवड्याला ३० शिलिंग मिळत. वाढ मागितली ती नाकारली गेली, तेव्हा १७९७ साली त्याने स्वतःचे दुकान थाटले. हत्यार हातात न धरता लोखंडी पकडीत धरावे आणि ती पकड सरळ मार्गावरून सरकावी, ही कल्पना त्याने आपल्या लेथवर पूर्णत्वाला नेली. हात थरथरतो, पकड थरथरत नाही.

पुढे मार्क ब्रुनेलच्या आराखड्यांवरून मॉडस्लेने पोर्ट्समथच्या सरकारी गोदीसाठी जहाजाच्या कप्प्या बनवणारी यंत्रे करून दिली. शिडाच्या एका मोठ्या युद्धनौकेला सुमारे हजार कप्प्या लागत. १८०८ साली त्या गोदीत वर्षाला १,३०,००० कप्प्या होऊ लागल्या, आणि पूर्वी जे काम ११० कसबी कारागीर करीत, ते १० बिनकसबी माणसे करू लागली. त्या कसबी कारागिरांच्या मनगटातली मिळकत एका पिढीत कवडीमोल झाली.

रंध्याचेही तेच झाले. अमेरिकेत विल्यम वुडवर्थने १८२८ साली फिरत्या पात्यांच्या रंधायंत्राचे पेटंट घेतले. ते मुदती वाढवून वाढवून १८५६ पर्यंत चालवले गेले, आणि तोवर ते यंत्र वापरणाऱ्याला पेटंटधारकांना पैसे मोजावे लागत. पण यंत्राने कसब हिरावले तरी धारेची गरज हिरावली नाही, उलट ती वाढवली. फिरत्या दंडगोलावर दोन, तीन किंवा चार पाती बसवलेली असतात. त्यांतले एक केसभर पुढे आले तर सारा भार त्यावरच पडतो, बाकीची नुसती फिरतात. पाती सारख्या वजनाची नसली तर यंत्र थरथरते. पाते बोथट असले तर लाकूड जोराने रेटावे लागते, आणि रेटणारा हात घसरला की बोटेच जातात. जुन्या यंत्रांचे पातेधारक चौकोनी असत. त्या खाचेत कितीतरी हात ओढले गेले. अखेर ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनी, हाताने लाकूड सरकवायच्या यंत्रांवर गोल पातेधारक सक्तीचा केला.

धार लावणाऱ्या दगडाचीही एक गंमत आहे. एडवर्ड ॲचेसन या अमेरिकनाने १८९१ च्या सुमारास माती आणि दगडी कोळशाचा कोक विजेने तापवला, तेव्हा त्याला चमकदार, अतिकठीण कण मिळाले. त्यांना त्याने 'कार्बोरंडम' हे नाव दिले. त्यातले मागले अर्धे नाव कोरंडमचे, म्हणजे आपल्या कुरुंदाचे. हा शब्द युरोपात भारतातूनच गेला. या नव्या चाकाने घासण्याचे काम झटपट होऊ लागले, पण झटपटीत पाते तापते. साध्या पोलादाचे पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरले म्हणून समजावे. मग कितीही पाजवा, धार टिकत नाही.

म्हणूनच छोट्या दुकानातला सुतार आजही घरगुती साचा करतो. कारखान्यातले लोक त्याला 'जिग' म्हणतात. शिसवासारख्या टणक लाकडाचा, पात्याइतक्या लांबीचा ठोकळा घ्यावा. पात्याच्या धारेला जितक्या अंशांचा उतार असेल, तितक्याच अंशांच्या दोन तिरक्या खाचा त्याच्या तळाशी, समोरासमोरच्या बाजूंनी, करवतीने पाडाव्यात. दोन खाचांत दोन पाती बसवून स्क्रूने आवळावीत. जाड काचेवर एमरी कागद चिकटवून त्यावर हा ठोकळा मागेपुढे फिरवावा. आधी उतारावर शाई फासली तर कुठे घासले गेले आणि कुठे राहिले ते लगेच दिसते. हाताने घासल्यामुळे पाते तापत नाही, पाणी उतरत नाही. मात्र खोल खाचा पडलेले पाते असे सुधारत नाही. ते जाणत्याकडेच द्यावे. आणि पाती यंत्रात परत बसवण्यापूर्वी तराजूत एकमेकांशी तोलून पाहावीत.

यात खरी युक्ती आहे ती दोन पात्यांची. एकच पाते असते तर हाताच्या हेलकाव्याने ते डुलले असते आणि धार गोल झाली असती. दोन पाती समोरासमोर असली की ठोकळा दोन रुळांवर बसल्यासारखा स्थिर राहतो, आणि एक पाते दुसऱ्याला सरळ ठेवते. धार लावायची वस्तूच धारेचा आधार होते!

मॉडस्लेची पकड आणि हा ठोकळा, दोघांचे तत्त्व एकच: कोन हातात न ठेवता वस्तूत ठेवायचा. पण पोर्ट्समथच्या यंत्रांत जे कसब साठले, ते कारागिराच्या हातून गेले आणि गोदीच्या मालकीचे झाले. या ठोकळ्यात साठलेले कसब ज्याने तो घडवला त्याचेच राहते. कोन का हवा, खाच तिरकी का, पाणी कशाने उतरते, हे कळल्याशिवाय तो घडवताच येत नाही. 'आपला हात जगन्नाथ' असे आपण म्हणतो, ते हात कधी थरथरत नाही म्हणून नव्हे. आपल्या थरथरीवर उपायही तो स्वतःच घडवू शकतो, म्हणून तो जगन्नाथ. साचे वाईट नसतात. साचा कोणी केला आणि तो कोणापाशी राहिला, एवढे मात्र प्रत्येक वेळी विचारून घ्यावे.