पदकाच्या कडेवरील नाव : लष्करी पदकांचे लिलाव आणि शिपायांचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की दस्तऐवज, शिलालेख, नाणी, बखरी व प्रवासवर्णने डोळ्यांपुढे येतात. लष्करी पदकाचा समावेश या यादीत सहसा होत नाही. घरात असले तर ते ट्रंकेत पडून असते आणि बाजारात आले तर ‘अँटिक’ म्हणून विकले जाते. नाण्यावर राजाचे नाव असते, पदकाच्या कडेवर मात्र पुष्कळदा साध्या शिपायाचे नाव, त्याचा क्रमांक, हुद्दा आणि पलटण कोरलेली असते. ज्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही आणि ज्याच्याविषयी कोणी लिहिले नाही, अशा माणसाची ती एक ओळ असते. या ओळीचे मोल काय आणि लिलावाच्या बाजारात ती टिकते की पुसली जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निनावी पदके

ईस्ट इंडिया कंपनीने १७८४ साली ‘डेक्कन पदक’ काढले. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात बंगालचे शिपाई मध्य हिंदुस्थान ओलांडून गुजरातेत उतरले होते. त्या युद्धाची अखेर १७८२ मध्ये ग्वाल्हेरजवळील सालबाईच्या तहाने झाली. या शिपायांना व कर्नाटकात हैदर अलीविरुद्ध लढलेल्या हिंदी सैन्याला हे पदक मिळाले. त्याच्या एका बाजूस ब्रिटानियाची आकृती, तर दुसऱ्या बाजूस फारसी मजकूर आहे. राज्य करू पाहणाऱ्या व्यापारी कंपनीने शिपायाशी त्याला परिचित असलेल्या दरबारी भाषेत बोलावे, ही बाब त्या काळाविषयी बरेच काही सांगून जाते.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. त्या प्रसंगाचे पदक बर्मिंगहॅमजवळील मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टाकसाळीत पाडले गेले. त्यावर ब्रिटिश सिंहाने वाघाला खाली दाबल्याचे चित्र असून वरच्या निशाणावर ‘असदुल्लाह अल्-गालिब’ हे अरबी शब्द आहेत. ‘ईश्वराचा सिंह विजयी होवो’ अशा आशयाचे हे शब्द हजरत अलींच्या बिरुदाशी निगडित आहेत आणि टिपूच्या स्वतःच्या शस्त्रांवरही ते आढळत. वाघ हे टिपूचे चिन्ह होते. म्हणजे त्याचेच चिन्ह आणि त्याच्याच श्रद्धेचे शब्द त्याच्या पराभवाच्या स्मारकावर वापरले गेले. सोने, चांदी, ब्राँझ व कथील असे धातूचे भेद हुद्द्यानुसार ठरले होते. कंपनीच्या फौजेबरोबर या मोहिमेत निजामाचे सैन्यही होते.

या दोन्ही पदकांवर धारकाचे नाव नव्हते. असे पदक आज लिलावात आले तर ते कोणत्या युद्धाचे एवढेच सांगता येते. ते कोणाच्या छातीवर होते, हे सांगता येत नाही.

नाव कोरण्याची प्रथा

एकोणिसाव्या शतकात मोहिमेच्या पदकांवर नाव घालण्याची प्रथा रूढ झाली. काही पदकांवर अक्षरे ठशाने ठोकलेली, तर काहींवर हाताने कोरलेली आढळतात. ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक १८५१ साली मंजूर झाले. आसई, आडगाव, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव, अशीरगड, तसेच इंदूरच्या होळकरांच्या फौजेशी २१ डिसेंबर १८१७ रोजी झालेली महिदपूरची लढाई, अशा लढायांच्या नावांच्या पट्ट्या त्याच्या फितीवर लावल्या जात. मराठी प्रदेशाच्या नकाशाचाच हा एक तुकडा म्हणता येईल. तथापि हे पदक हयात असलेल्यांनाच मिळत असे. १८०३ च्या आसईला तोवर अठ्ठेचाळीस वर्षे आणि १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावला तेहतीस वर्षे उलटली होती. या मधल्या काळात निवर्तलेल्या शिपायांची नावे कडेवर आलीच नाहीत. आज ही पदके दुर्मिळ आहेत व लिलावात त्यांना मोठी बोली लागते, त्याचे एक कारण हा विलंब होय.

ग्वाल्हेरचे उदाहरण याहून बोलके आहे. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनियार येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. हस्तगत केलेल्या तोफांचे ब्राँझ वितळवून त्याचे सहा टोकांचे तारे बनवण्यात आले आणि ते जिंकलेल्या सैन्याला वाटण्यात आले. ज्यांच्यावर विजय मिळवला त्यांच्याच तोफा अशा रीतीने विजेत्यांच्या छातीवर गेल्या. तोफा ओतणारे व डागणारे शिंद्यांच्या चाकरीतील गोलंदाज मात्र निनावीच राहिले.

कडेवर कोण नाही

पदक ही राज्यकर्त्याची नोंद आहे, हे अध्यापकाने विसरू नये. १८५७-५८ च्या उठावाचे चांदीचे पदक इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांना मिळाले. झाशी, काल्पी, ग्वाल्हेर या मोहिमेसाठी त्यावर ‘सेंट्रल इंडिया’ ही पट्टी होती व ती हैदराबाद कंटिंजंटच्या स्वारांनाही मिळाली. त्याच रणांगणावर समोरच्या बाजूने लढलेल्यांसाठी ना पदक होते, ना यादी. त्यांची नावे खटल्यांच्या कागदांत व फाशीच्या नोंदींत शोधावी लागतात.

एकाच बाजूच्या माणसांतही भेद होते. १९०३-०४ च्या तिबेट मोहिमेत लढणाऱ्या सैनिकाला चांदीचे, तर ओझी वाहणारे, स्वयंपाकी, भिस्ती, मोतद्दार अशा सेवकवर्गाला ब्राँझचे पदक मिळाले. पहिल्या महायुद्धानंतरचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ही हिंदी, चिनी व माल्टातील मजूर पथकांना ब्राँझमध्ये दिले गेले. शौर्यपदकांतही अशीच सीमारेषा होती. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला, पण हिंदी सैनिक त्यास १९११ मध्ये पात्र ठरले. तोपर्यंत त्यांच्यासाठी १८३७ साली स्थापन झालेले ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हेच सर्वोच्च पदक होते. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममधील होलेबेक येथे एकट्याने मशीनगन चालवत राहिलेले १२९ व्या बलुची पलटणीचे शिपाई खुदादाद खान हे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले हिंदी सैनिक ठरले.

लिलावाचे व्यवहार

लंडनमधील स्पिंक, नूनन्स यांसारख्या पेढ्या आणि मुंबईतील तोडीवाला यांसारख्या नाणे-पदकांच्या लिलावसंस्था वेळोवेळी सूची प्रसिद्ध करतात. सूचीतील प्रत्येक वस्तूला किंवा संचाला क्रमांक, अंदाजी किंमत व वर्णन असते. शेवटच्या बोलीवर हातोडा पडला की ग्राहकाला त्या रकमेवर संस्थेचा अधिभार भरावा लागतो. संग्राहक धातूपेक्षा नावाला अधिक पैसे मोजतो. नाव अधिकृत यादीत सापडले, त्या पलटणीची कामगिरी ठाऊक असली आणि माणसाची सर्व पदके एकत्र असली, तर किंमत अनेक पटींनी वाढते.

येथूनच फसवणूक सुरू होते. सामान्य नाव कानशीने घासून त्या जागी नामांकित लढाईतील सैनिकाचे नाव कोरले जाते. अशा पदकाचा व्यास किंचित कमी भरतो, म्हणून जाणकार कडेची मापे घेतात आणि अक्षरांचे वळण त्या काळच्या अस्सल नमुन्याशी ताडून पाहतात. दुसरा अपाय याहून सर्रास घडतो. एका शिपायाची तीन-चार पदके वेगवेगळी विकल्यास काही वेळा अधिक पैसे येतात. मग एक माणूस तीन देशांत विखुरतो. पदके टिकतात, पण त्यांतून दिसणारे आयुष्य तुटते.

लिलावाचा लाभही मान्य केला पाहिजे. वर्णन लिहिणारे अभ्यासक लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयातील इंडिया ऑफिसच्या पदकयाद्या तपासतात. जुन्या लिलावांची माहिती काही संस्थांनी संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध करून दिली आहे. ज्या पदकाला किंमत आली त्याचा निदान शोध तरी घेतला गेला.

किंमत न आलेली पदके

खरा प्रश्न किंमत न आलेल्या पदकांचा आहे. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ सुमारे एक औंस चांदीचे असे. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोहोचला, तेव्हा पदक म्हणून मिळणाऱ्या पैशांपेक्षा धातू म्हणून मिळणारे पैसे अधिक झाले आणि अशी असंख्य पदके भट्टीत गेली. जी अवस्था भाववाढीने इंग्लंडात आणली, तीच आपल्याकडे गरिबी केव्हाही आणू शकते. सराफाच्या तराजूला कडेवरील नाव वाचता येत नाही.

यात काय गमावले जाते हे मेसोपोटेमियाच्या उदाहरणावरून कळते. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी कुत-अल्-अमाराच्या वेढ्यात होत्या व २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करली. मराठा पलटणींत त्या काळी दख्खनी मुसलमानांच्या तुकड्याही होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत या पलटणी एकाच रेजिमेंटमध्ये आल्या. मराठा लाइट इन्फन्ट्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे. मेसोपोटेमियातील ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत अशा ४० हजारांहून अधिक मृतांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची व अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, परंतु साध्या हिंदी शिपायांची केवळ संख्या पलटणवार दिली गेली. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या एप्रिल २०२१ च्या अहवालाने ही असमानता मान्य केली. पहिल्या महायुद्धातील ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि आणखी किमान १ लाख १६ हजार मृतांचे, कदाचित त्याहून बऱ्याच अधिकांचे, नावानिशी किंवा मुळीच स्मरण झाले नाही, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. यांत हिंदी व आफ्रिकी सैनिकांचा मोठा भरणा होता.

मृतांच्या वारसांना पदके व ब्राँझचे स्मृतिफलक पाठवले जात. या फलकावर हुद्दा व क्रमांक वगळून फक्त नाव असे, जेणेकरून मृत्यूनंतर लहान-मोठा हा भेद राहू नये. म्हणजे दगडाने जे नाव नाकारले ते धातूवर होते. तो धातू वितळला की शिपायाच्या गावी उरलेली त्याची खूणही जाते.

महाविद्यालयांचे काम

ऑस्ट्रेलियातील एक उदाहरण मार्गदर्शक ठरावे. गॅलिपोलीच्या मोहिमेत नऊ ऑस्ट्रेलियन सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. त्यांपैकी कॅप्टन आल्फ्रेड शाउट यांचे पदक २००६ साली सिडनीत लिलावास आले. ते सुमारे १२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेऊन उद्योगपती केरी स्टोक्स यांनी कॅनबेराच्या युद्धस्मारकाला दिले आणि नऊही पदके एकत्र आली. एवढी रक्कम आपल्या संस्थांजवळ नाही, पण ती असण्याची गरजही नाही. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी आता शंभरी ओलांडली आहे. मात्र कायदा सीमेवर वस्तू अडवतो, सराफाच्या भट्टीपाशी तो पोहोचत नाही.

पदक विकत न घेताही त्यावरचे नाव वाचवता येते. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील माजी सैनिकांच्या कुटुंबांकडे जावे, पदकाच्या दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे घ्यावीत, मजकूर जसाच्या तसा उतरवावा आणि घरच्यांच्या आठवणी सोबत नोंदवाव्यात. इंग्रज कारकुनांनी शेख, सय्यद, जाधव, शिंदे ही नावे कानाला वाटली तशी लिहिली असल्याने मूळ वर्णलेखन बदलू नये. शोध घेताना मात्र त्याची सर्व संभाव्य रूपे लक्षात घ्यावीत. पंजाबातील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी लाहोर संग्रहालयातील नोंदवह्यांतून बाहेर आल्या आणि २०२१ पासून त्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. दख्खन, कोकण व सीमाभागासाठी अशी सुरुवात एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला एका वहीनिशी करता येईल. पदक घरी राहो वा उद्या लिलावात जावो, कडेवरचे नाव त्या वहीत राहील.