एका हिरव्या मोटारीची प्रतिकृती

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी आणि दफ्तरांत बांधून ठेवलेले रुमाल डोळ्यांपुढे येतात. मुलांच्या खेळण्याकडे साधन म्हणून कोणी पाहत नाही. परंतु तळहातावर मावणाऱ्या धातूच्या मोटारीला एखाद्या जुन्या शर्यतीच्या मोटारीचे यथातथ्य रूप द्यावयास जो बसतो, त्याला संशोधकाचेच प्रश्न पडतात. ही मोटार कोणती? कोणत्या दिवशीची? आणि त्या दिवशी ती कोणाच्या हाती होती?

लंडनमध्ये 1947 साली स्थापन झालेल्या लेस्नी कंपनीची 'मॅचबॉक्स' खेळणी पुढे जगभर गेली. जुन्या वाहनांच्या प्रतिकृतींची एक मालिकाही तिने 1956 मध्ये सुरू केली आणि 1961 मध्ये तीत 1926 सालची बुगाटी टाइप 35 दाखल झाली. असली खेळणी ओतण्याची रीत ठरलेली असते. जस्तात थोडे ॲल्युमिनियम मिसळून केलेला मिश्रधातू वितळवतात आणि पोलादी साच्यात मोठ्या दाबाने घुसवतात. यालाच डायकास्टिंग म्हणतात. एका साच्यातून हजारो नग निघतात आणि ते सारे एकसारखे असतात. अडचण येते ती येथेच; कारण शर्यतीत धावलेल्या मोटारी एकसारख्या कधीच नव्हत्या.

एत्तोरे बुगाटी यांचा कारखाना आल्सास प्रांतातील मोलशाइम येथे होता. त्यांची टाइप 35 ही मोटार 3 ऑगस्ट 1924 रोजी लिआँ येथील शर्यतीत प्रथम उतरली. त्या दिवशी टायरांनी दगा दिला. परंतु 1925 पासून 1929 पर्यंत सलग 5 वर्षे सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही खडतर शर्यत बुगाटीनेच जिंकली. घोड्याच्या नालासारखा रेडिएटर, 8 आऱ्यांची ॲल्युमिनियमची चाके, मागे निमुळता होत गेलेला बांधा आणि फ्रान्सचा निळा रंग, ही तिची ओळख ठरली. त्या काळी शर्यतीच्या मोटारीचा रंग म्हणजे राष्ट्राचे निशाणच होते. फ्रान्सचा निळा, इटलीचा तांबडा, जर्मनीचा पांढरा आणि ब्रिटनचा हिरवा.

मात्र 14 एप्रिल 1929 रोजी मोनाको शहराच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवरून जी पहिली ग्रां प्री शर्यत झाली, तिच्यात एक बुगाटी हिरवी होती. तिचा क्रमांक 12 आणि चालकाची नोंद केवळ 'विल्यम्स' अशी. 7 लिटरहून मोठे इंजिन असलेली पांढरी मर्सिडीज घेऊन जर्मनीचा रुडोल्फ कारात्शिओला तिच्याशी झुंजला. पण शेवटी तो तिसरा आला. 100 फेऱ्या 3 तास 56 मिनिटांहून किंचित अधिक वेळात पुऱ्या करून हिरवी मोटार पहिली आली.

ही मोटार लेस्नीच्या खेळण्यातून घडवायची, तर आधी बरेच मोडावे लागते. तळाचे रिव्हेट बारीक ड्रिलने कापून भाग सुटे करायचे, रासायनिक द्रावाने जुना रंग उतरवायचा, साच्याच्या जोडरेषा कानशीने घासायच्या आणि खळग्यांत लांबी भरायची. विल्यम्सची मोटार टाइप 35बी होती. म्हणजे इंधनमिश्रित हवा दाबाने भरणारा सुपरचार्जर तिच्या इंजिनाला होता. म्हणून बॉनेटच्या उजव्या बाजूस, त्याच्या झडपेसाठी ठेवतात ते लहानसे गोल भोक पाडावे लागते. ते विसरले, तर मोटार सुंदर होईल, पण ती ही मोटार होणार नाही. त्यानंतर अस्तर, मग हिरव्या रंगाचे पातळ थर आणि सर्वांत शेवटी 12 हा आकडा.

येथे पुराव्याची एक गंमत आहे. त्या शर्यतीची छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांत आकडा वाचता येतो, चाके मोजता येतात. परंतु हिरवा आणि गडद निळा हे दोन्ही रंग करडेच दिसतात. एकटे छायाचित्र जे सांगू शकत नाही, त्यासाठी लेखी साक्ष शोधावी लागते.

आणि ती शोधता शोधता रंगामागचा माणूस भेटतो. विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स 1903 मध्ये फ्रान्समध्येच जन्मला. वडील इंग्रज, आई फ्रेंच. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटनच्या गुप्त कार्य-संघटनेत शिरला आणि जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये उतरला. त्याचा जुना प्रतिस्पर्धी रोबेर बेन्वा तेथे त्याचा सहकारी झाला. ऑगस्ट 1943 मध्ये ग्रोव्हर-विल्यम्स पकडला गेला आणि 1945 मध्ये साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत त्याला ठार करण्यात आले. बेन्वाला त्याआधीच, 1944 मध्ये, बुखेनवाल्ड येथे मारण्यात आले होते. ज्या दोन देशांचे रक्त त्याच्या अंगात होते, त्या दोघांची खूण त्या मोटारीवरही होती: घडण फ्रान्सची, रंग ब्रिटनचा.

तरीही एक शंका उरते. 1961 चे खेळणे हेही आता एक जुने साधनच झाले आहे. एक इतिहास उभा करण्यासाठी दुसरा खरवडून काढण्याचा अधिकार कोणी दिला? विवेकी कारागीर यावर तोड काढतो. सुस्थितीतील नगाला तो हात लावत नाही. रंग उडालेला, चाक हरवलेला नग निवडतो. काम संपल्यावर मोटार उलटी करून तिच्या तळाशी तो बारीक अक्षरांत लिहितो की हे खेळणे बदललेले आहे, आणि केव्हा बदलले. त्या एका ओळीने प्रतिकृती आणि बनावट वस्तू यांतील भेद राखला जातो. पुढे ती मोटार ज्याच्या हाती पडेल, त्याची फसवणूक होत नाही; आणि 12 हा आकडा पाहून तो एक दिवस विचारील, ही बुगाटी हिरवी का?