खांदे टेकले का?

मंडळी, २ फेब्रुवारी २०२५ ची संध्याकाळ आम्ही नगरकर विसरणार नाही. वाडिया पार्कवर ६७ वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळला चितपट विजयी ठरवलं. शिवराज राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. बाचाबाची वाढली आणि त्याने पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत काही सेकंद उरले असताना महेंद्र गायकवाडही गुणावरून चिडून आखाडा सोडून गेला. मोहोळ केसरी झाला, त्या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

गंमत बघा, जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेखविरुद्धच्या कुस्तीत चार गुणांवरून असाच वाद पेटला होता. तेव्हा ते गुण गायकवाडला मिळाले होते!

मी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या. तपासणारा चुकतो, म्हणून तर फेरतपासणी असते. कुस्तीतही ती लगेच, सर्वांसमोर व्हावी. पण मास्तरांवर हात टाकणाऱ्या पोराचे हक्काचे गुणही मग कुणी मोजत नाही. आज लोकांना लाथ आठवते... खांदे टेकले का, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.