अंगावरचे गोंदण आणि कुडाची भिंत

गोंदणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला कागदपत्रे फारशी उपयोगी पडत नाहीत. तो बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर असतो आणि त्या गेल्या की त्यांच्याबरोबर मातीत जातो. कुडाच्या घराचेही तसेच. किल्ल्यांना आणि देवळांना इतिहासकार मिळाले. कारवीच्या भिंतीला मिळाला नाही. डोळखांबच्या परिसरात, शहापूर आणि मुरबाडच्या सह्याद्रीलगतच्या पट्ट्यात, गोंदणाची शाळा आणि गावाचे कलाघर असावे, आणि ते इथल्याच मातीचे, इथल्याच हातांनी बांधलेले असावे, असा विचार मी या लेखात मांडणार आहे. परंतु त्याआधी या दोन्ही गोष्टींचा इतिहास तपासला पाहिजे. कारण तो सुखाचा नाही.

गोंदण म्हणजे हौस, गोंदण म्हणजे मेल्यावर सोबत येणारा एकमेव दागिना, असे आपल्या आज्या सांगत. सोनेनाणे ज्यांच्या नशिबी नव्हते त्यांनी हा दागिना कातडीत मुरवून घेतला. पण याच सुईचा दुसरा वापर सत्तेने केला. कंपनी सरकारच्या बंगालमध्ये 1797च्या नियमानुसार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदला जाई; ही प्रथा 1849मध्ये बंद झाली. पुढे 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुई बाजूला ठेवली आणि हजेरीचे रजिस्टर हातात घेतले. जन्मच गुन्हा ठरवला. या कायद्याचा शिक्का 31 ऑगस्ट 1952पर्यंत टिकला. ज्या फिरत्या जमातींच्या बाया गावोगाव गोंदत हिंडत, त्यांतल्या कितीतरी जमातींकडे पोलीस याच नजरेने पाहत. ‘दीवार’ (1975) या चित्रपटात बापाला चोर ठरवणारे शब्द पोराच्या हातावर गोंदले जातात. ते दृश्य आमच्या वस्त्यांना परके वाटले नाही, याचे कारण या इतिहासात आहे.

मग आमच्या माणसांनी या खुणेचे काय केले? तीन उत्तरे दिसतात. पहिले नकाराचे. डिसेंबर 1927मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने टाकून द्या. ते वारे पुढे गोंदणापर्यंतही पोचले आणि अनेक घरांत लेकींच्या कपाळावर सुई टेकली नाही. दुसरे छत्तीसगडातल्या रामनामींचे. देवळाचे दार बंद, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी देवाचे नावच सर्वांगावर गोंदले. बंडाची ही तऱ्हा मला मान्य होणारी नाही, पण ते बंड होते हे नाकारता येत नाही. तिसरे उत्तर मिथिलेतल्या दुसाध स्त्रियांचे. 1970च्या दशकात जितवारपूरच्या चानो देवींनी अंगावरचे गोंदण कागदावर उतरवले. सवर्ण स्त्रियांच्या देवादिकांच्या चित्रांशेजारी दलित स्त्रियांची गोदना शैली उभी राहिली आणि तिच्यात त्यांचा स्वतःचा नायक राजा सलहेस आला. खूण तीच, धनी बदलला.

माझा प्रश्न या तिसऱ्या उत्तरापासून सुरू होतो. शहरात गोंदण आता ‘टॅटू’ झाले आहे. वातानुकूलित दुकानात तासावर पैसे मोजले जातात. जिने हे ज्ञान मूठभर धान्यावर शतकानुशतके सांभाळले ती मात्र तिथे शिक्षक म्हणून बसत नाही. म्हणून शाळा हवी; आणि तिची पहिली अट अशी की शिकवणारी तीच असावी, मानधन घेऊन.

आता घराकडे वळू. या भागातल्या ठाकूर, कातकरी, वारली पाड्यांवर कारवीच्या काठ्यांचा कूड विणून त्यावर शेणमातीचे लिंपण करतात. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते, तिच्या बियांतून पुन्हा रान उभे राहते. कूड श्वास घेतो, उन्हाळ्यात घर थंड ठेवतो. उलट पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी बसवत नाही. हे सारे खरे आहे. परंतु ‘शाश्वत वास्तुकले’चे गोडवे गाणाऱ्यांनी एक हिशेब मांडलेला नसतो: ही भिंत दरवर्षी लिंपावी लागते, आणि लिंपते बाईच. तिची मजुरी कोणी धरत नाही. सिमेंटचे घरकुल तिला हवेसे वाटते ते शहराच्या नादाने नव्हे, कंबर मोडते म्हणून. शहरी माणसाच्या फार्महाऊसवर तीच भिंत शोभा ठरते आणि पाड्यावर दारिद्र्य. जंगलाचा कायदाही विसरू नये. 1878च्या वन कायद्यापासून रानातली काठी सरकारची झाली. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला, तरी तो कागदावरून रानात उतरवायला ग्रामसभा जागी लागते.

तेव्हा कलाघर बांधायचे ते असे. जोते काळ्या दगडाचे, गुडघ्याच्या वर, म्हणजे पावसाचा शिंतोडा कुडाला लागणार नाही. वळचण खोल, छप्पर कौलारू. बैठकीची, चित्रांची, गाण्याची पडवी कुडाची आणि तिन्ही बाजूंनी उघडी. गोंदण्याची खोली मात्र वेगळी: धुता येईल अशी फरशी, चुन्याची भिंत, उत्तरेचा उजेड, एका माणसाला एकच सुई. रक्ताशी खेळ आहे. कावीळ ब आणि एचआयव्हीच्या काळात परंपरेच्या नावाने जुनी सुई चालणार नाही. पाणी छपरावरचे साठवायचे. तानसा (1892) आणि भातसा यांचे पाणी याच तालुक्यातून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, हे त्या टाकीकडे पाहून मुलांना समजले पाहिजे. आणि दरवर्षीचे लिंपण पुरुषांनीही करायचे, मजुरी दोघांना सारखी.

एक गोष्ट स्पष्ट असावी. तिथे कोणावरही गोंदणाची सक्ती नसेल. ज्या मुलीला आपले कपाळ कोरे ठेवायचे आहे तिला महाडचा वारसा आहे. तिने नक्षी कागदावर काढावी, भिंतीवर काढावी, किंवा काढूच नये. खुणेचा हक्क आणि खूण नाकारण्याचा हक्क एकाच छपराखाली राहू शकले तरच ती आपली शाळा. नाहीतर ते आणखी एक संग्रहालय होईल, ज्यात आपण काचेच्या आत असू आणि तिकीट दुसऱ्याच्या हातात.